समीक्षकही धुतल्या तांदळाचे नसतात

शोधनिबंधांच्या बाबतीत 'चोरी लेखक करतात, समीक्षक (म्हणजे छापण्याआधी लेख तपासणारे तज्ज्ञ) बिचारे फुकट राबतात' असं म्हणतात, ते अर्धंच पटतं. फुकट राबतात, खरंय. पण काही जण मोबदला दुसऱ्या वाटेने वसूल करतात. सोलापुरातल्या यंत्रमाग कामगारांच्या बहिरेपणावरचा आमचा लेख समीक्षकाकडून 'हे संदर्भ घाला' म्हणून परत आला. यादीतले सगळे लेख एकाच माणसाचे, आणि निम्म्यांचा कानाशी काडीचा संबंध नाही!

निव्वळ स्वतःची उद्धरणं, म्हणजे आपल्या लेखांचे इतरांनी दिलेले दाखले, वाढवायला संदर्भ सुचवू नयेत, असं 'कोप' (COPE) या प्रकाशन-नीतीविषयक संस्थेच्या समीक्षकांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे. पीएचडीच्या घाईतली पोरं मात्र मुकाट घालून मोकळी होतात. आम्ही कोणता संदर्भ का गैरलागू, ते एकेका ओळीत संपादकांना कळवलं. त्यांनी ती मागणी वगळून लेख पुढे नेला.