कोच ओरडला म्हणून पोरगं सुधारलं, हे नक्की कशावरून?

बाउंड्रीबाहेरचा
पोरांना प्रॅक्टिसला सोडून घरी न जाता कडेला बसून राहणारे जे पालक असतात त्यातला मी एक. त्यामुळे एक वाक्य सतत कानावर पडतं, "बघितलंत, झापल्यावर कसा लायनीवर आला." आणि दिसतं पण तसंच हो. पोराने सलग तीन सर्व्हिस नेटमध्ये घातल्या, कोचने आख्खं कोर्ट ऐकेल असं झाडलं, चौथी बरोबर पडली. आता यावर काय बोलणार?

बोलायचंय म्हणूनच धागा काढलाय. डॅनियल कानेमन, ज्याला २००२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं तो मानसशास्त्रज्ञ, एकदा इस्रायली हवाई दलाच्या फ्लाइट इन्स्ट्रक्टर लोकांना सांगत होता की शिक्षेपेक्षा शाबासकीने माणूस चांगला शिकतो. तर त्यातला एक मुरलेला इन्स्ट्रक्टर उठला आणि म्हणाला काहीतरीच काय, मी कौतुक केलं की पुढच्या वेळी कॅडेट हमखास माती खातो आणि आरडाओरडा केला की सुधारतो. माणूस खोटं बोलत नव्हता. पण तो ओरडायचा कधी, तर एखादा प्रयत्न अगदीच वाया गेल्यावर, आणि इतका वाईट प्रयत्न सहसा लागोपाठ होत नाही, पुढचा आपोआप बरा जातो, कोणी काही बोलो न बोलो. कानेमनने मग त्यांनाच पाठीमागच्या एका खुणेवर न बघता दोनदा नाणी फेकायला लावली. पहिल्यांदा ज्यांची जवळ पडली त्यांची बहुतेकांची दुसऱ्यांदा लांब गेली, आणि लांबवाल्यांची जवळ आली. मधे ना कौतुक ना शिव्या.

म्हणजे कोचचा स्वतःचा अनुभवच त्याला रोज चुकीचं शिकवतोय आणि तो मात्र प्रामाणिकपणे छातीठोक सांगतोय. मला त्याचा राग येत नाही, पण त्याचं बिल पोरं भरतात. आमच्या कोर्टवर एक दहा-अकरा वर्षांची मुलगी आहे, तिचं शटल पडलं की ती शटलकडे बघतच नाही, आधी मान कोचकडे वळते. पुढची रॅली सुरू होते तरी डोकं तिकडेच. तिचं खरंच काही सुधारतंय का?

शिट्टी_आणि_स्टॉपवॉच
साहेब कडेला बसून हे लिहायला सोपं आहे. मी स्विमिंगचा कोच आहे आणि मी ओरडतो, रोज ओरडतो. बंदिस्त पूल, सगळीकडे आवाज घुमतोय, पोरांच्या कानावर कॅप, डोकं पाण्यात, आणि मी काय "बाळा जरा कोपर वर घेशील का" म्हणू? ते वाक्य संपेपर्यंत पोरगं पलीकडच्या भिंतीला पोचलेलं असतं. आणि उथळ बाजूला कोणी सूर मारायला निघालं तर त्याच्याशी मी चर्चा करत बसत नाही, जोरात खेकसतो, कारण मान मोडली तर नोबेलवाला येणार नाहीये.

दुसरं असं की कॉम्पिटिशनमध्ये कोणी लाड करत नाही. स्टार्टला हललात की डिसक्वालिफाय, विषय संपला. ज्या पोराला माझा आवाज सहन होत नाही त्याला तो स्टार्टर आणि तो गोंगाट सहन होणारे? थोडी कातडी जाड व्हायलाच पाहिजे. आणि पालकांनी तर यात बोलूच नये. निम्मे पालक माझ्याकडे येऊन सर जरा गोड बोला म्हणतात आणि पार्किंगमध्ये स्वतःच पोराची सालटी काढतात, माझ्या कानाने ऐकलंय.

रिलेचा_चौथा
शिट्टीवाले सर +१. आमचे सर इतके कडक होते की नुसती चप्पल वाजली तरी आम्ही सरळ उभे. लॅप चुकवला की सगळ्यांसमोर निघायची. तेव्हा राग यायचा पण आज जे काही आहे ते त्या माणसामुळे आहे. आचरेकर सर घ्या की, सचिन मॅच खेळायची सोडून दुसरी मॅच बघायला गेला तर असं झापलं की तो प्रसंग सचिन अजून सांगतो. आणि २०१३ ला रिटायर होताना तोच म्हणाला ना की सर २९ वर्षांत एकदाही मला वेल प्लेड म्हणाले नाहीत. झालं का काही वाईट? हल्ली मेडल मिळायच्या आधीच पोरांना कौतुक लागतं.

लेन_नंबर_आठ
रिलेचा_चौथा, तुम्ही टिकलात म्हणून इथे लिहिताय. जी गेली ती अशा धाग्यांवर येतच नाहीत. मी गेलेल्यांपैकी, म्हणून लिहिते.

मला ओरडा खाल्ल्याचं एवढं काही वाटलं नाही. नडगी दुखायची ते मी लपवायला शिकले, ते जास्त वाईट झालं. दुखतंय म्हटलं की "नाटकं" ऐकायला लागायचं, तेही सगळ्या ग्रुपसमोर. मग वॉर्मअपला मी मुद्दाम सरांपासून लांबच्या टोकाला जायचे म्हणजे लंगडणं दिसायला नको. शेवटी स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. सरांचं त्यावर म्हणणं काय, तर आधी का नाही सांगितलं. आता याला काय म्हणायचं! कोचला घाबरणारं पोर सगळ्यात आधी कोचलाच खरं सांगायचं बंद करतं आणि मग तो कोच अर्ध्या माहितीवर ट्रेनिंग देत बसतो.

आणि सचिनच्या त्याच भाषणात पुढे काय आहे ते पण सांगा की. सर स्कूटरवर मागे बसवून त्याला एका मैदानातून दुसऱ्या मैदानात न्यायचे, एका दिवसात दोन-दोन मॅच खेळता याव्यात म्हणून. जो माणूस तुमच्यासाठी एवढा वेळ काढतो त्याचं बोलणं वेगळं लागतं. स्कूटर वगळून नुसतं झापणं उचललंय लोकांनी. वेल प्लेड न म्हणणं म्हणजे पाणउतारा करणं नव्हे.

रिलेचा_चौथा
बरं मग अमेरिकेची जिम्नॅस्ट केरी स्ट्रग? १९९६ अटलांटा ऑलिम्पिक, घोटा दुखावलेला, कोच बेला करोली बाजूने ओरडतोय की तू करू शकतेस, आणि पोरीने दुसरा व्हॉल्ट मारून एका पायावर उभी राहून दाखवलं. टीमला गोल्ड. तिथे कोणी हळुवार बोललं असतं तर?

लेन_नंबर_आठ
तर पण गोल्डच मिळालं असतं. नंतर आकडे जुळवले तेव्हा कळलं की तो दुसरा व्हॉल्ट मारला नसता तरी अमेरिका पुढेच होती. तेव्हा तिथे हा हिशोब कोणाला माहीत नव्हता हे मान्य. पण १८ वर्षांची मुलगी, घोट्याचे लिगामेंट गेले आणि तिच्या वैयक्तिक फायनल्स हुकल्या. टाळ्यांच्या व्हिडिओत हे येत नाही.

हाफटाइम
दोन्ही पार्टी जरा थांबा. बॅरी स्टॉ वगैरे मंडळींनी २०१९ ला एक पेपर काढला होता, शाळा आणि कॉलेजच्या २३ बास्केटबॉल टीमच्या ३०४ हाफटाइम भाषणांचं रेकॉर्डिंग तपासून. कोच जितका चिडलेला तितका दुसऱ्या हाफमधला खेळ सुधारलेला निघाला. पण एका मर्यादेपर्यंत. त्याच्यापुढे गेला की उलटं फिरलं. म्हणजे बाउंड्रीबाहेरचा, तुमचं "सगळा भासच आहे" हे काही टिकत नाही. टीम ढिली पडलीये आणि कोच हसतमुख, यात पोरांना पण राम वाटत नाही, त्यांना कळतं की या माणसाला फरक पडत नाही. जो उठता बसता "सुपर, सुपर" करतो त्याच्या सुपरला पोरं काडीची किंमत देत नाहीत.

फक्त हे सामन्याच्या दिवसाचं आहे, वयाने मोठ्या पोरांचं आहे आणि त्याच दिवसाच्या स्कोअरचं आहे. दहा वर्षांचं पोरगं पुढच्या वर्षी मैदानावर येईल का, हे त्यात कोणी मोजलेलं नाही.

बाउंड्रीबाहेरचा
@हाफटाइम पॉइंट घेतला, पण मी राग येऊच नये म्हणत नाहीये. आणि पुढच्या वर्षाचं मोजलंय की. स्मिथ आणि स्मॉल या दोघांनी लहान मुलांच्या बेसबॉल लीगच्या काही कोचना थोडंसं ट्रेनिंग दिलं, चांगल्या खेळाचं आणि मेहनतीचं कौतुक करा, चुकीवर धीर द्या आणि नेमकं काय करायचं ते सांगा, इतकंच. पुढच्या सीझनला बाकीच्या कोचची २६ टक्के पोरं परत आली नाहीत, ट्रेनिंगवाल्यांची फक्त ५ टक्के. आणि हरण्या-जिंकण्यात दोन्हीकडे फरक नाही. म्हणजे जो आरडाओरडा "जिंकायचं असेल तर करावाच लागतो" म्हणून खपवतात तो वगळून पण तेवढंच जिंकले, वर पोरं टिकली.

शिट्टीवाले सर, आवाजाबद्दल माझी तक्रारच नाही. पुलावर ओरडा, हॉकीला तर या टोकाची हाक त्या टोकाला जायलाच पाहिजे. मी बघतो ते हे की ओरडून झाल्यावर पोराच्या हातात काय आलं. "कोपर वर" यात काम आहे, पुढच्या स्ट्रोकला करून बघता येतं. "तुझ्याच्याने काही होणार नाही" यात पोराने पुढच्या स्ट्रोकला काय करायचं सांगा? यूसीएलए या अमेरिकन युनिव्हर्सिटीचे बास्केटबॉल कोच जॉन वुडन, १२ वर्षांत १० चॅम्पियनशिप, त्यांची प्रॅक्टिस १९७४-७५ मध्ये दोन संशोधकांनी बसून नोंदवली. बोलण्यातलं जवळजवळ ७५ टक्के नुसत्या सूचना. कौतुक सात टक्क्यांच्या आसपास आणि रागावणं पण साधारण तेवढंच. रागावले तरी बऱ्याचदा लगेच पाठोपाठ कसं करायचं ते.

शिट्टी_आणि_स्टॉपवॉच
वुडनकडे निवडून आलेली १८ वर्षांच्या पुढची पोरं होती साहेब. माझ्याकडे आठ वर्षांची येतात, त्यातली निम्मी किकबोर्डने एकमेकांना मारण्यात गुंग असतात. अभ्यास अभ्यास करून काय होणार, तुम्ही एक दिवस येऊन सांभाळून दाखवा.

तरी लेन_नंबर_आठ यांनी लिहिलं ते मी दोनदा वाचलं. खांदा दुखतोय हे माझ्याकडची पोरं मला सांगतात का, तर मोठी सांगतात. लहान आयांना सांगतात आणि आया मला मेसेज करतात. हे काही मला आवडलेलं नाही. पण म्हणून उद्यापासून मी कुजबुजणार नाही.

बरं आता फुकटचा सल्ला देताच आहात तर एक सांगा. बारा वर्षांचा एक आहे, बटरफ्लायला शेवटच्या २५ मीटरला सोडून देतो. दमतो तेवढं मान्य, पण त्यातलं थोडं मुद्दाम आहे हे मला घड्याळात दिसतं. इथे मी आजवर त्याची लाज काढत आलोय, की बघ तुझ्याहून लहान पुढे गेला. काही दिवस फरक पडतो, मग पुन्हा तेच. काय बोलायचं?

रिलेचा_चौथा
लाजच काढा. काही दिवस तरी पळतोय ना.

लेन_नंबर_आठ
सर, मी ट्रॅकवाली, बटरफ्लायचं तुम्हालाच जास्त कळतं. पण तो दमला की आधी काय सुटतं?

शिट्टी_आणि_स्टॉपवॉच
दुसरी किक. एका स्ट्रोकला दोन लागतात, दमला की हात बाहेर काढतानाची दुसरी आधी गायब होते, मग कंबर बुडते, मग श्वासाला डोकं जास्त वर काढतो आणि पाण्यात उभाच राहतो.

लेन_नंबर_आठ
मग तो लहान पुढे गेला हे कशाला सांगताय, हे सांगा ना. श्वासाला डोकं वर आलं की तेवढ्यात "दुसरी किक". दोनच शब्द.

शिट्टी_आणि_स्टॉपवॉच
डोकं अर्धा सेकंद पण वर नसतं. ओरडावंच लागणार.

लेन_नंबर_आठ
ओरडा की मग, कोण नको म्हणतंय.

हाफटाइम
पार्किंगमधल्या पालकांसाठी पण एक धागा काढा रे कोणीतरी. तिथे पाठोपाठ सूचना वगैरे काही नसते.