‘हुतात्मा’ की ‘रक्तसाक्षी’?

प्रश्न : संत पॉलिकार्प यांच्यावरील मराठी मजकुरात ‘मार्टिर’साठी कुठे ‘हुतात्मा’, तर कुठे ‘रक्तसाक्षी’ असे शब्द आढळतात. यांतला नेमका कोणता?

उत्तर : ‘मार्टिर’च्या मुळाशी असलेल्या ‘मार्टुस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ साक्षीदार, एवढाच, मरणाचा त्यात मागमूसही नाही. श्रद्धेसाठी प्राण देणारा, हा अर्थ ज्या सर्वांत जुन्या लेखनात स्पष्ट दिसतो, त्यांत स्मर्ना (आजचे तुर्कस्तानातील इझमीर) येथील ख्रिस्तसभेने आपले वृद्ध बिशप पॉलिकार्प यांच्या मृत्यूविषयी लिहिलेले पत्र येते, म्हणून आपला प्रश्न अगदी योग्य ठिकाणी पडला आहे.

‘हुत’ म्हणजे अग्नीत होमलेले. इ.स. 155च्या सुमारास पॉलिकार्प यांना जाळण्यासाठी लाकडे रचली गेली, आणि खांबाला बांधलेल्या त्यांना पत्रात होमार्पणासाठी कळपातून निवडलेल्या मेंढ्याची उपमा दिली आहे. त्या दृष्टीने ‘हुतात्मा’ चुकीचा म्हणता येणार नाही.

तरीही माझा कौल ‘रक्तसाक्षी’ला आहे. ‘हुतात्मा’ शब्दात स्वतःला झोकून देण्याची छटा आहे आणि नेमकी तीच हे पत्र नाकारते. क्विंटस नावाचा एक जण आपण होऊन पुढे आला आणि ख्रिस्ती लोकांवर सोडली जाणारी श्वापदे दिसताच कचरला; अशा रीतीने स्वतःहून हवाली होणाऱ्यांची आम्ही प्रशंसा करीत नाही, असे पत्रात स्वच्छ म्हटले आहे. पॉलिकार्प मात्र इतरांच्या आग्रहावरून गावाबाहेरच्या शेतावर जाऊन राहिले होते. पकडायला आलेल्यांना त्यांनी जेवू घातले आणि प्रार्थनेसाठी तेवढा एक तास मागून घेतला. पुढे रोमन सुभेदाराने सीझरच्या, म्हणजे रोमन सम्राटाच्या, नावाने शपथ घेऊन ख्रिस्ताची निंदा करण्यास सांगितले, तेव्हा त्यांनी उत्तर दिले, की 86 वर्षे मी त्याची सेवा केली, त्याने माझे काहीच वाईट केले नाही, मग मला तारणाऱ्या माझ्या राजाची निंदा मी कशी करू? ही साक्षच आहे.

‘शहीद’ या अरबी शब्दाच्या धातूतही साक्षच आहे. परंतु मराठीत त्याने सैनिक डोळ्यांसमोर येतो, जसा ‘हुतात्मा’ म्हणताच संयुक्त महाराष्ट्राचा लढा आठवतो. शिवाय वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांना 1597 साली नागासाकीत क्रुसावर मारले. तिथे अग्नीचा संबंध नाही, ‘रक्तसाक्षी’ मात्र चपखल बसतो.

पॉलिकार्प यांच्या बाबतीत तर तो शब्दशः खरा आहे, कारण ज्वाळांनी त्यांचा देह जळेना म्हणून त्यांना खंजीर खुपसण्यात आला, तेव्हा इतके रक्त वाहिले की आग विझली, असे ते पत्र सांगते.