मदत हवी आहे: काजूच्या खोडाला टाचणीएवढी भोकं

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात उतारावर काजू आहेत, वेंगुर्ला-४ जातीचे. पावसाळ्यानंतर काही झाडांच्या खोडावर टाचणीएवढी भोकं पडलीत. आतून बारीक भुसा शेवईसारखा लोंबतो, बोट लावलं की मोडतो. साल तासली तर लाकूड काळपट. रोठा (खोड-मूळ पोखरणारी अळी) नसावा: बुंध्याशी लाल भुसाही नाही, डिंकही नाही, अळीही सापडली नाही. सुकलेल्या फांद्या कापून जाळल्या, कापांवर बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याची) लावली. तरी नवी भोकं दिसतातच. खाली विहीर आहे आणि मोहर जवळ आलाय, म्हणून जहाल औषध नको.

मला संशय अँब्रोसिया भुंगेऱ्याचा आहे, म्हणजे लाकडात बारीक भोकं पाडणाऱ्या किड्याचा. तो स्वतःची बुरशी घेऊन येतो, पण बहुधा आधीच कमजोर झालेल्या झाडावर. मग इथे मूळकुज आधीची का? झाड न तोडता ते कसं ओळखायचं?