रे: व्हँकूवरहून आणलेली गाडी आणि उणे ३०

नमस्कार मंडळी,
आम्ही सप्टेंबरमध्ये व्हँकूवरहून एडमंटनला आलो, गाडी तीच आणलीय. पुढच्या आठवड्यात उणे ३० सांगतायत. कूलंटची लेव्हल मिन आणि मॅक्सच्या मध्ये आहे म्हणजे काळजी नाही ना? आणि कमी झालं तर नळाचं पाणी घातलं तर चालेल का? गाडी रात्रभर बाहेरच असते, गराज नाहीये.
– मिल वुड्सहून

----

दादा, पाणी अजिबात घालू नकोस! लेव्हलवरून काहीच कळत नाही, आत कूलंट किती नि पाणी किती ते बघायला लागतं. अर्धं-अर्धं असेल तर उणे ३७ पर्यंत टिकतं, ६० टक्के कूलंट ठेवलं तर उणे ५० पर्यंत काळजी नाही. पण म्हणून सगळं कूलंटच ओतूया असंही नाही, नुसतं ग्लायकॉल (म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट) उणे १३ च्या आसपासच गोठतं, ते पाण्यात मिसळलं तरच काम करतं. तिकडे किनाऱ्यावर एवढी थंडी पडत नाही, त्यामुळे आधी कुणी दोनदा-तीनदा पाणी टॉप-अप केलेलं असलं तरी पत्ता लागत नाही, आणि आपल्याकडे तर घाटात गाडी तापली की पाण्याची बाटली रिकामी करायची सवयच असते.

गोठताना पाणी ९ टक्के फुगतं, इंजिनच्या ब्लॉकला तडा गेला की इंजिनच गेलं. त्याच्या आधीची पायरी लोकांच्या लक्षात येत नाही. मिश्रण पातळ असलं तर रेडिएटरमध्ये बर्फाचा चिखल होतो, कूलंट फिरत नाही, आणि बाहेर उणे ३० असताना गाडीचा काटा लालवर जातो. असं झालं तर बाजूला घे, तिथेच बंद कर, घरापर्यंत जाऊ म्हणून रेटू नकोस.

ब्लॉक हीटर (उभ्या गाडीचं इंजिन विजेवर गरम ठेवणारा) आहे का तेही बघ, पुढच्या जाळीतून प्लग लोंबत असेल. तिकडच्या बऱ्याच गाड्यांना नसतो, नसेल तर बसवून घे. निघायच्या आधी तीनेक तास लागला तरी पुरतो, टायमर लाव. पण हीटर आहे म्हणून पातळ कूलंट चालेल असं समजू नकोस, ऑफिसच्या पार्किंगला प्लग नसला तर काय करणार?

वॉशर फ्लुइड तिकडचं असेल तर आजच काच पुसत पुसत संपव आणि उणे ४० वालं भर, ट्रकने उडवलेला राडा काचेवर आला आणि फवारा गोठलेला असला की पुढचं काहीच दिसत नाही.
– शेरवूड पार्कचा काका

----

काकांनी सगळं सांगितलंय, फक्त डिझेल गाडीवाल्यांसाठी एक. डेफ, म्हणजे धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत घालतात ते, साडेबत्तीस टक्के युरिया आणि बाकी पाणीच, ते उणे ११ लाच गोठतं. घाबरू नका, टाकीला हीटर असतो, गाडी चालू झाली की वितळतं आणि खराबही होत नाही. त्यात अँटिफ्रीझ (म्हणजे कूलंट) मात्र कुणी चुकूनही घालू नका, एक्झॉस्टची अख्खी सिस्टिम बाद होते. टाकी काठोकाठ भरू नका, फुगायला जागा पाहिजे. आणि विंड चिल (वाऱ्यामुळे अंगाला जाणवणारी थंडी) बघून उगाच धास्ती घेऊ नका, वाऱ्याने इंजिन लवकर गार होतं पण हवेच्या खऱ्या टेम्परेचरच्या खाली जात नाही.
– सेंट अल्बर्ट

----

कृपा करून सांडलेलं कूलंट लगेच पुसा. चव गोड असते, कुत्री-मांजरं चाटतात आणि थोडंसंसुद्धा जीवघेणं ठरतं, लहान मुलांनाही तेवढंच धोक्याचं. जुनं गटारात ओतू नका, इको स्टेशनवर (शहराच्या घातक कचरा गोळा करायच्या केंद्रावर) घेतात.

----

काका, ताई, खूप आभार. ते मिश्रण तपासायचं कसं पण? मेकॅनिककडे दोन आठवड्यांनंतरची अपॉइंटमेंट मिळतेय.
– मिल वुड्स

----

अरे त्याला मेकॅनिक कशाला, माझ्याकडे रिफ्रॅक्टोमीटर आहे. काचेवर दोन थेंब टाकायचे, उजेडाकडे धरून बघायचं, निळा आणि पांढरा भाग जिथे भेटतात तो आकडा, म्हणजे कूलंट किती थंडीला गोठेल ते. शनिवारी संक्रांतीच्या कार्यक्रमाला घेऊन येतो, अजून कुणाला बघायचं असेल तर सांगा. फक्त आल्या आल्या नाही, गरम इंजिनचं झाकण उघडलं तर उकळतं कूलंट तोंडावर येतं. तिळगूळ, जेवण होईपर्यंत इंजिनं गार होतील, मग पार्किंगमध्ये भेटू. साठ-चाळीसचा कॅन आणतो, पण तुझ्या गाडीला कुठलं चालतं ते मॅन्युअलमध्ये बघून आधी कळव, नुसत्या रंगावरून ठरवू नकोस.
– काका