इस्रायलमध्ये केअरगिव्हर असलेल्या बहिणीला कॅनडाची पीआर (कायम वास्तव्याची परवानगी) मिळेल का?

प्रश्न:
माझी धाकटी बहीण गेली चार वर्षे हैफामध्ये ८८ वर्षांच्या एका आजींची देखभाल करते. तिथे या कामाच्या व्हिसाची मुदत साधारणतः ६३ महिने असते आणि कितीही सेवा केली तरी कायम वास्तव्य मिळत नाही, म्हणून तिने कॅनडाचा विचार सुरू केला आहे. ती बारावी उत्तीर्ण आहे. आमच्याकडील एका एजंटाने ‘होम केअर पायलटमधून’, म्हणजे घरी देखभाल करणाऱ्यांसाठीच्या कॅनडाच्या प्रायोगिक योजनेतून, ‘विमानतळावर उतरताच पीआर’ असे सांगून नऊ लाख रुपये मागितले आहेत, त्यांपैकी दोन लाख आगाऊ. हे खरे आहे का?

उत्तर १:
योजना खरी आहे, पण एजंटाने निम्मेच सांगितले आहे. मी कॅनडातील ब्रॅम्प्टनला २०१९ च्या पायलटमधून आले. तेव्हा आधी वर्क परमिट, मग २४ महिन्यांचा अनुभव आणि त्यानंतर पीआर, असा क्रम होता; एप्रिल २०२३ मध्ये २४ चे १२ महिने झाले आणि जून २०२४ मध्ये ती योजना संपली. ३१ मार्च २०२५ रोजी आलेल्या नव्या पायलटमध्ये पीआर आधीच मिळते. त्यासाठी बारावीइतके शिक्षण, इंग्रजी किंवा फ्रेंच भाषेची कॅनडाच्या मोजणीतील चौथी पातळी, पूर्ण वेळ नोकरीचे पत्र आणि सहा महिन्यांचा अनुभव किंवा प्रशिक्षण लागते. हा अनुभव कॅनडाबाहेरचाही चालतो. मात्र त्या दिवशी अर्ज घेतले ते कॅनडात आधीपासून काम करणाऱ्यांचे, आणि तो कोटा त्याच दिवशी भरला. बाहेरच्यांचा विभाग उघडलाच नाही, आणि मार्च २०२६ मध्येही अर्ज घेणार नसल्याचे सरकारने आधीच जाहीर केले. मग आगाऊ दोन लाख कशाचे, हे त्या गृहस्थांना विचारावे.

उत्तर २:
तरीही कागद जमवून ठेवावेत. आयईएल्टीएस जनरल या इंग्रजीच्या परीक्षेत चौथ्या पातळीसाठी श्रवणात ४.५, वाचनात ३.५, लेखन आणि संभाषणात ४ गुण पुरतात. खरा वेळ शिक्षणाच्या मूल्यांकनात, म्हणजे ईसीएमध्ये जातो. माझी बारावीची गुणपत्रिका माहेरच्या नावाने, तीही आडनाव आधी, आणि पासपोर्ट सासरच्या नावाने. राजपत्रातील नावबदलाची प्रत शोधण्यात माझे दोन महिने गेले. बहिणीने दरमहा मिळणारी पगारपावती, तिथले लोक जिला ‘तलुश’ म्हणतात, ती जपावी आणि आजींच्या मुलाकडून कामाचे स्वरूप व तास लिहिलेले पत्र आताच घ्यावे. आजींचे वय पाहता ते लांबणीवर टाकू नये. लिहायला संकोच वाटतो, पण माझ्या मैत्रिणीला नंतर सही करणारे कोणी उरले नव्हते.

उत्तर ३:
पैसे घेऊन कॅनडाचा इमिग्रेशन अर्ज हाताळण्याची परवानगी परवानाधारक सल्लागार किंवा वकिलांनाच असते, आणि परवानाधारक सल्लागारांची यादी ऑनलाइन पाहता येते. आपल्याकडील नोंदणीकृत भरती एजंटालाही उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये अधिक जीएसटी, एवढेच घेता येते. त्या एजंटाला ई-मायग्रेटचा, म्हणजे परदेशी भरतीसाठीच्या भारत सरकारच्या पोर्टलचा, नोंदणी क्रमांक मागा.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे आभार. नोंदणी क्रमांक मागितल्यापासून त्यांनी फोन उचललेला नाही. बहिणीच्या मुदतीचे अजून पंधरा महिने बाकी आहेत; आजींच्या मुलाने पत्र हिब्रूत दिले आहे, त्याचे भाषांतर करून घेत आहोत.