संस्था म्हणते शाळेचं ब्रँडिंग करा, इथे फोन उचलायला वेळ नाही. हेडमास्तर मंडळी, तुम्ही कसं निभावता?

पाटी_पेन्सिल

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी अनुदानित मराठी माध्यमाची शाळा आहे, पाचवी ते दहावी, तिथे मुख्याध्यापिका आहे. शाळेचं नाव सांगत नाही, गाव लहान आहे.

झालंय असं की संस्थेच्या मीटिंगमध्ये यंदा ठरलं, शाळेचं ब्रँडिंग करायचं. इन्स्टाग्रामवर पेज, रोज एक रील, चौकात फ्लेक्स, आणि हे सगळं बघणार कोण तर मुख्याध्यापिका. कारण उघड आहे, पट उतरतोय. शेजारी दोन इंग्लिश मीडियम झाल्या, त्यांच्या पिवळ्या व्हॅन पार वस्तीवर जातात. आमची संचमान्यता, म्हणजे किती शिक्षक मंजूर ते, ठरते 30 सप्टेंबरच्या पटावर, तुकडी गेली की शिक्षक अतिरिक्त, म्हणून एप्रिल-मेच्या उन्हात आमचे शिक्षक झेडपीच्या चौथीतल्या मुलांची घरं शोधत फिरतात, त्याच वाडीवर दुसऱ्या हायस्कूलचे सर पण भेटतात, दोघं एकमेकांना बघून कसनुसं हसतात आणि पुढच्या घराकडे जातात.

आणि माझा फोन! वर्गवार पालकांचे ग्रुप, सगळ्यांत मी. रात्री अकराला "मॅडम उद्या पीटीचा ड्रेस आहे का". पावसाळ्यात तर विचारूच नका, जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचं सुट्टीचं पत्र फिरायला लागतं, ते निघतं मागच्या वर्षीचं नाहीतर शेजारच्या जिल्ह्याचं, पण तोवर शंभरजण मला विचारून मोकळे. वर ऑफिसचे ग्रुप वेगळे, पोषण आहार, यू-डायसवरची शाळेची माहिती, मुलांचे अपार आयडी, आधार व्हॅलिडेशन, प्रत्येक मेसेजची सुरुवात "अत्यंत तातडीचे". लिपिकाची जागा रिकामी आहे. बीपीची गोळी चालू झालीय.

तर प्रश्न असा की हे संवाद, ब्रँडिंग वगैरे नीट केलं तर डोक्याचा ताप खरंच कमी होतो का, की हे अजून एक काम गळ्यात? ज्यांनी केलंय त्यांनीच सांगा प्लीज, भाषण नको.

जुने_हेडसर

मॅडम, रिटायर झालोय पण तुमचं वाचून पोटात गोळा आला. माझ्या मते तुम्ही दोन वेगळी दुखणी एकत्र बांधलीत. रील नंतर बघू, आधी फोन.

पालक फोन करतात कारण त्यांना माहीत नसतं की माहिती कधी आणि कुठे मिळणार. हे एकदा ठरवून टाकलं की अर्धे फोन आपोआप बंद होतात. आमच्याकडे सगळे वर्गग्रुप "फक्त अॅडमिन मेसेज पाठवू शकतील" असे केले. पहिला आठवडा बोंबाबोंब झाली, हेडसर हुकूमशहा झाले म्हणाले, मग सवय झाली. संध्याकाळी साडेपाचला वर्गशिक्षकाचा एकच मेसेज. उद्या काय आणायचं, काय घालायचं, परीक्षा कधी, संपलं. त्यात "सुप्रभात" नाही, गुलाबाचं फूल नाही, वाढदिवस तर अजिबात नाही. पावसाचं असं ठरवलं की सकाळी साडेसहापर्यंत शाळेच्या ग्रुपवर सुट्टीचा मेसेज आला तरच सुट्टी, नाही आला तर शाळा आहे असं समजायचं, कुठलंही पत्र कुठूनही येऊ दे. हे वाक्य जूनच्या पहिल्या पालकसभेत तीन वेळा सांगायचं आणि गेटवर रंगवून लावायचं. गेटवर का, तर ज्या आज्जी-आजोबांकडे स्मार्टफोन नाही तेच नातवाला सोडायला येतात.

दुसरं, तक्रारीला जिना असावा. आधी वर्गशिक्षक, मग पर्यवेक्षक, मग तुम्ही. भेटीची वेळ ठरवा, आठवड्यातले दोन दिवस, शाळा सुटायच्या आधीचा एक तास. त्या वेळेत मात्र खुर्ची सोडायची नाही, पंचायत समितीतून बोलावणं आलं तरी. पालक आला की बसवायचं, पाणी द्यायचं, त्याच्यासमोर वहीत तारीख घालून लिहायचं आणि सांगायचं की अमुक वारी उत्तर देतो. तिथल्या तिथे निकाल द्यायचा नाही, निम्मी भांडणं त्यातच होतात. आणि सांगितलेल्या वारी फोन आपण करायचा. शाळेतून स्वतःहून फोन आला याचंच माणसाला इतकं अप्रूप असतं की पुढच्या वेळी तो चढ्या आवाजात बोलत नाही.

ऑफिसच्या ग्रुपांना माझ्याकडे औषध नाही. एवढंच करता येतं की पट, आधार, जात, खाते नंबर, जन्मतारीख अशी सगळी माहिती एकाच शीटमध्ये अद्ययावत ठेवायची आणि दोन तरुण शिक्षकांना त्याचा अॅक्सेस द्यायचा. मग "आजच द्या" आलं तरी कॉपी-पेस्ट.

दोन_लेकरांची_आई

मी पालक म्हणून लिहिते. माझा मोठा तुमच्यासारख्याच एका शाळेत आहे, धाकटीला इंग्लिश मीडियमला टाकलं. का टाकलं खरं सांगू का? इंग्रजीचं अर्धंच कारण. धाकटीच्या शाळेत गेले तर काउंटरवर बाई होती, तिने बसा म्हटलं, फीचा कागद दिला, वर्ग दाखवला, व्हॅन कुठल्या वेळेला येणार ते सांगितलं. मोठ्याच्या शाळेत दाखला घ्यायला गेले तर "साहेब नाहीत, उद्या या" आणि उद्या गेले तर तेच. शिक्षक मोठ्याच्याच शाळेत चांगले आहेत हो, गणिताच्या सरांना तोड नाही, पण हे मला कधी कळलं? तो सातवीत गेल्यावर! आधी कुणी सांगितलंच नाही.

रील मी बघत नाही. गॅदरिंगचा डान्स सगळ्याच शाळा टाकतात. फ्लेक्सवर वर सहा फोटो पदाधिकाऱ्यांचे आणि खाली पोरांचे चेहरे पोस्टाच्या तिकिटाएवढे, त्यातून मला काय कळणार की माझ्या मुलीला कोण शिकवणार.

आणि पालकसभेत मार्क सगळ्यांसमोर वाचू नका एवढं ऐका. ज्यांच्या पोरांना कमी पडतात ते पुढच्या सभेला येतच नाहीत, आणि मग तुम्ही म्हणता पालक उदासीन आहेत.

फ्लेक्सवाला

धंदा आमचा छपाईचा, एप्रिल ते जून शाळांचंच काम, त्यामुळे माझ्या पोटावर पाय देऊन सांगतो: मॅडम, फ्लेक्सवर पैसे कमी घाला. ताईंनी वर लिहिलंय ते शंभर टक्के खरं.

ब्रँड म्हणजे लोगो नाही. एसटी स्टँडवर कुणी विचारलं "कशी आहे हो ती शाळा" तर समोरचा जे एक वाक्य बोलतो ते. ते वाक्य आधीच असतं, बरं असो वाईट असो, आपण फक्त खरं काय आहे ते त्यात घालू शकतो. तुमच्याकडे इंग्लिश मीडियमवाल्यांकडे नाहीत अशा गोष्टी आहेत आणि कुणी बोलतच नाही. एनएमएमएस घ्या, गरीब घरातल्या हुशार मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती. आठवीला परीक्षा, पास होऊन निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये, उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख. आणि ही फक्त शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी, विनाअनुदानितवाल्यांना बसताच येत नाही. चार वर्षांचे 48,000 होतात. शेतमजुराच्या घरात हा आकडा काय आहे ते तुम्हाला सांगायला नको. "आमच्याकडे एनएमएमएसचा तास रोज सकाळी होतो, गेल्या वर्षी इतकी मुलं लागली" एवढं एका साध्या ए-फोर कागदावर छापा आणि शिक्षक दारोदार जातात तेव्हा हातात द्या. आठवीपर्यंत पुस्तकं फुकट, पोषण आहार, शिक्षक सगळे पात्रताधारक, तेही त्याच कागदावर. पण आकडा खरा हवा. खोटा छापलात तर गावात दोन दिवसांत उघडं पडतं.

पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरची झेडपी शाळा बघा, 2025 मध्ये वर्ल्ड्स बेस्ट स्कूलच्या स्पर्धेत लोकांच्या मतांचा पुरस्कार तिने घेतला. तिथे मोठी मुलं लहानांना शिकवतात, विषयमित्र म्हणतात त्यांना. आधी ते होतं, नाव नंतर झालं. आमच्याकडे उलटं येतात लोक, आधी नाव छापा म्हणतात.

अजून एक, मुलांचे फोटो टाकताना जपून. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्यात 18 वर्षांखालच्यांच्या माहितीला पालकांची संमती धरलीय. प्रवेश अर्जातच एक ओळ घाला, फोटो वापरायला हो की नाही, आणि नाही म्हणतील त्यांचे खरंच वापरू नका. नाव, वर्ग आणि चेहरा तिन्ही एकत्र तर कधीच नको.

कडू_कारलं

सगळं छान छान चाललंय, जरा थंड पाणी ओततो. मॅडमचा बीपी पालकांच्या मेसेजने वाढला नाही. लिपिक नाही, शिपाई नाही, शिक्षक बीएलओ म्हणून मतदार यादीच्या कामाला, आणि पट घसरला की दोष मुख्याध्यापकांचा. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 मध्ये स्वच्छ लिहिलंय की जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून शिक्षकांना दुसरी कामं देऊ नयेत. अॅपवर रोजचा खिचडीचा आकडा भरणं यातलं नेमकं कशात बसतं? उद्या म्हणाल मुख्याध्यापकांसाठी तणावमुक्ती कार्यशाळा ठेवा, आणि ती असेल रविवारी.

संवाद सुधारून रिकाम्या जागा भरत नाहीत. ब्रँडिंग म्हणजे पडक्या भिंतीला रंग.

जुने_हेडसर

कारलंभाऊ, तुमचं चूक नाही. पण रिकामी जागा भरेपर्यंत मॅडमनी रात्री अकराला पीटीच्या ड्रेसची उत्तरं देत बसावं का? जे त्यांच्या हातात आहे तेवढं तरी हलकं होऊ दे. आणि जे हातात नाही त्यासाठीही पालक बरोबर लागतात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या बायका, ती समिती नुसती सह्यांपुरती ठेवली नाही तर रिक्त पदासाठी शिक्षणाधिकाऱ्यांकडे तेच जातात. मुख्याध्यापकाचं पत्र फाईलला लागतं, दहा आया ऑफिसात जाऊन बसल्या की साहेबांना चहा मागवावा लागतो. पण त्यांना परिस्थिती माहीत हवी ना. आपण शाळेत लिपिक नाही हेच लपवतो, इज्जत जाईल म्हणून. मग दाखल्याला उशीर झाला की ताईंसारख्या पालकाला वाटतं की शाळाच माजोरडी आहे.

पाटी_पेन्सिल

सगळ्यांचे आभार, खरंच. गेटवर नियम रंगवायचं काम उद्याच देते. लिपिक नसल्याचं पालकांना सांगायचं कधी सुचलंच नव्हतं, उलट झाकायचोच. ताई, दाखल्याचं मनाला लागलं, आमच्याकडेही तसंच होत असणार.

एक राहिलं. मध्यंतरी दोन मुलांची मारामारी झाली, कुणीतरी व्हिडिओ काढला, शाळा सुटायच्या आत तो गावभर. मी संस्थेला विचारू, पर्यवेक्षकांना विचारू करत बसले, रात्रीपर्यंत गोष्ट "चाकू काढला" इथपर्यंत गेली, चाकू बिकू काही नव्हता. अशा वेळी काय करायचं? गप्प बसावं की बोलावं?

शिक्षिका_कोकण

पर्यवेक्षिका आहे, यातून गेलेय. बोलायचं, आणि त्याच संध्याकाळी. तीनच ओळी: आज काय झालं, मुलं सुखरूप आहेत का, शाळा पुढे काय करतेय. मुलांची नावं नाहीत, कुणाची चूक ते नाही, कारण ते आपल्यालाही अजून कळलेलं नसतं. पण मेसेज टाकायच्या आधी त्या दोन मुलांच्या घरी फोन, त्यांना ग्रुपवरून कळता कामा नये. ग्रुपवर कुणी वाद घातला तर तिथे उत्तर द्यायचं नाही, "उद्या अकराला भेटा" एवढंच. बोलणारी व्यक्ती एकच, म्हणजे तुम्ही. शिपाईमामांपासून सगळ्यांना सांगून ठेवायचं की पत्रकार आला तर मॅडमकडे पाठवा. संस्थेची परवानगी अशा वेळी मागत बसलं तर उशीर होतोच, म्हणून मजकुराचा साचा आधीच मंजूर करून कपाटात ठेवायचा.

मात्र लैंगिक छळाचा काही प्रकार असेल तर हे काहीच लागू नाही, नीट वाचा. तिथे शाळेची बदनामी वगैरे विचार डोक्यातच आणायचा नाही. पोक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आधी आपापसात चौकशी करू असं म्हणून दिवस घालवायचे नाहीत, आणि मुलाची ओळख कळेल असं एक अक्षरही कुठे जाऊ द्यायचं नाही, नाव तर नाहीच, वर्ग, घर, फोटो काही नाही. बदलापूरच्या शाळेतल्या प्रकरणानंतर तर पालक हेच बघतात की शाळा झाकते की सांगते. मुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती कागदावर असेलच तुमच्याकडे, तिच्यातल्या बायकांचे नंबर मुलींना माहीत आहेत का ते एकदा वर्गात जाऊन विचारा.

दोन_लेकरांची_आई

मॅडम, त्या चाकूच्या अफवेच्या दिवशी तुमच्याकडून एक ओळ आली असती ना तर आम्हा बायकांनीच ती पुढे पाठवली असती. आमचेही ग्रुप आहेत, शाळेचे नसलेले, आणि खरी चर्चा तिथेच चालते.

पाटी_पेन्सिल

हे लक्षात ठेवते ताई. रीलचं अध्यक्षांना सांगितलंय की महिन्याला एक, तीही गणिताच्या तासाची, गॅदरिंगची नाही. "बघू" म्हणालेत. फ्लेक्सवर फोटो मात्र लागणारच, तिथे माझं चालणार नाही.

फ्लेक्सवाला

चालेल की, दोन डिझाइन करून देतो. एक अध्यक्षांच्या फोटोचं, संस्थेच्या ऑफिसवर लावा. दुसरं एनएमएमएसवालं, ते वाडीवर. बिल एकच.