वार्षिक बेरीज जुळली, पण महिन्यांचं काय?

जंगल वर्षभरात किती कार्बन शोषतं-सोडतं, याचा संगणकावरच्या मॉडेलचा आकडा जंगलातल्या उंच मनोऱ्यावरच्या यंत्रांच्या मोजणीशी जुळतो, म्हणजे मॉडेल बरोबर, असं तुम्ही मॉडेलवाले म्हणता. मला हे पटत नाही. दोन चुका एकमेकींना खाऊनही बेरीज जुळते.

ब्राझीलमधलं तापाजोसचं जंगल घ्या. २००३ साली तिथल्या मनोऱ्यावरची मोजणी प्रसिद्ध झाली. जंगल कोरड्या महिन्यांत कार्बन शोषत होतं आणि पावसाळ्यात सोडत होतं. मॉडेलं नेमकं उलटं सांगत होती! कारण त्यांच्यात माती उथळ धरलेली. प्रत्यक्षात पूर्व अ‍ॅमेझॉनात मुळं ८ मीटरच्याही खाली जातात आणि तिथलं पाणी ओढतात. शिवाय कोरड्या दिवसांत जुनी पानं गळून कोवळी येतात, ती जास्त जोमानं प्रकाशसंश्लेषण करतात. पानांचं फक्त क्षेत्रफळ मोजणाऱ्या मॉडेलला हे दिसणार कसं?

(मनोराही देव नव्हे. वारा पडलेल्या रात्री झाडांखाली साठलेला कार्बन डायऑक्साइड वरच्या यंत्रापर्यंत पोचतच नाही. त्या रात्रींची मोजणी गाळायची कशी, यावरही उत्तर बदलतं.)

मॉडेलची खरी कसोटी ब्राझीलमधल्याच काशिउआना जंगलातल्यासारख्या प्रयोगांत लागते. तिथे १ हेक्टरवर छत घालून जमिनीवर पोचणारा साधारण निम्मा पाऊस अडवला. पहिली काही वर्षं झाडं तगली, मग मोठी झाडं मरू लागली. नेहमीच्या हवामानात बरी चालणारी मॉडेलंही ही पडझड पकडू शकली नाहीत. तुमच्या मॉडेलात झाड मरतं कशानं, ते सांगाल का?